अकराव्या इनिंगमधला चेंडू

सुमतीकाकूंचं नाव आधी लिहितो. या पुस्तकात पुढे बरीच माणसं येतील. त्यांतल्या काहींनी मला हात दिला, काहींनी रस्ता दाखवला, आणि त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण सगळ्यांत जास्त कोणाचा, असं विचारलं तर आईबाबांच्याही आधी काकूंचं नाव तोंडात येतं. आई होती तेव्हा एकदा भीत भीत तिला हे सांगितलं होतं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "बरोबरच आहे ना. आम्ही तर आपल्या पोरासाठी केलं. तिनं कोणासाठी केलं?"

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या, गावच्या नव्हत्या, आणि आमच्याकडे ज्या अर्थाने समाज म्हणतात त्या अर्थाने समाजातल्याही नव्हत्या. अमेरिकेत आल्यावर पहिलं वर्ष मी ज्यांच्या तळघरात राहिलो, त्या अरविंदकाकांच्या त्या पत्नी. माझे वडील पुलगावच्या नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. लोक त्यांना चावीवाले म्हणत. घरात मॅट्रिक झालेला मी पहिला, त्यामुळे त्यापुढचं सगळंच पहिल्यांदा. नागपूरच्या कॉलेजातल्या माझ्या सरांचे एक वर्गमित्र इलिनॉयमधल्या एका नदीकाठच्या गावात ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनियर होते, आणि मला प्रवेश मिळालेली युनिव्हर्सिटीही त्याच गावात. सरांनी पत्र लिहिलं. पत्रात माझे मार्क होते आणि आडनाव होतं, पण मेश्राम हे आडनाव पुण्याकडच्या माणसाला काही सांगत नाही. काकांनी आनंदाने होकार कळवला, विमानतळावर घ्यायला आले, गाडीत पाठीवर थाप मारून "घाबरू नकोस रे" म्हणाले. मग पंधरा-वीस दिवसांनी ते फ्यूज बघायला तळघरात आले. माझ्या टेबलावर आईने दिलेली बुद्धाची छोटी पितळी मूर्ती होती. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही ते." तोपर्यंत ते मला अरेतुरे करत. त्या दिवसापासून मी 'तुम्ही' झालो, आणि माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या तिरस्काराने अहोजाहो केलेलं नाही.

घर बाहेरून छान होतं. पांढरा रंग, पुढे मेपलचं झाड, मागे कापलेली हिरवळ. पण त्याच्या खिडक्या कधी उघडत नसत. फोडणीचा वास शेजारी गेला तर ते काय म्हणतील, ही काकांना धास्ती. कुकरची शिट्टी झाली की ते दिवाणखान्यातून ओरडत, "सुमती, बारीक कर, रस्त्यावर ऐकू जातंय!" त्यामुळे हिंगाचा, लसणीचा, तळणाचा सगळा वास घरातच राहायचा, पडद्यांत आणि गालिच्यात मुरायचा, कोटांत शिरायचा. जो वास अमेरिकनांना कळू नये म्हणून एवढी धडपड, तोच अंगावर घेऊन काका रोज कारखान्यात जायचे. हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. माझी खाट तळघरात, घर गरम करणारी फर्नेस आणि वॉशिंग मशीन यांच्यामध्ये होती. फर्नेस हिवाळाभर एखाद्या आजाऱ्यासारखी धापा टाकायची. मशीन सुरू झालं की जमीन थरथरायची.

मूर्तीच्या प्रसंगानंतर माझं ताट बदललं. त्यांच्याकडे पुण्याहून आणलेली स्टीलची ताटं होती, कडेला नावं कोरलेली. मला कागदाची पांढरी प्लेट आणि प्लॅस्टिकचा चमचा मिळू लागला. "अमेरिकेत हेच सोयीचं," काका म्हणत आणि स्वतः स्टीलच्या ताटात जेवत. काय बोलणार? गावाकडे एखाद्याने कप वेगळा ठेवला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. इथे सोय होती, स्वच्छता होती, आधुनिकता होती. गरम वरणाने ती प्लेट मधोमध मऊ पडायची, म्हणून मी वरणभात आधी आणि घाईने संपवायला शिकलो. काकू वाढायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, हेही इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर माझं लिहिणं खोटं होईल.

मात्र कपडे धुवायला त्या खाली आल्या की मशीन सुरू करायच्या आणि त्या आवाजात बोलायच्या. वर काही ऐकू जात नसे. माझी आई भाकरी कशाची करते, पुलगावला थंडी पडते का, बहिणी किती शिकल्या. त्या मूळच्या वाईच्या. कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं आणि लग्न झालं. वर पाहुण्यांसमोर त्या इंग्रजीत काही बोलल्या की काका हसून त्यांचं वाक्य दुरुस्त करायचे, पाहुणेही हसायचे, आणि काकू आत चहा टाकायला जायच्या. मशीन थांबलं की आमचं बोलणं थांबायचं.

परवा इथे नेपरव्हिलला आमच्या विहारात पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर नागपूरचा एक तरुण माझ्याशेजारी खिचडी घेऊन बसला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, हुशार आहे. म्हणाला, "काका, तुमच्या टाइमला असेल असं. आता इथे कोणाला काय फरक पडतो यार!" मी विचारलं, "तुझ्या रूममेटने तुझं आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न काय विचारला होता?" तो हसला. मग हसायचा थांबला आणि खिचडीकडे बघत बसला. मला वाईट वाटलं. पण मी प्रश्न मागे घेतला नाही.

काकांचं मुख्य हत्यार ताट नव्हतं, भीती होती. "सवलतीत पास होणं वेगळं, स्कॉलर, आणि इथे टिकणं वेगळं," असं ते जेवताना म्हणत. "तुमच्या नावावर इथे पोलिसात एक ओळ जरी लिहिली गेली ना, तर ती युनिव्हर्सिटीला कळते. आणि युनिव्हर्सिटीला कळलं की तुम्ही पुढच्या विमानात." हे खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला? मी रस्ता ओलांडतानासुद्धा दिवा हिरवा होऊन वर थोडा वेळ थांबायचो. रात्रंदिवस मनात एकच चित्र असायचं: पुलगावच्या स्टेशनवर मी बॅग घेऊन उतरलोय, आणि बाबा खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन समोर उभे आहेत, आणि मला काय विचारावं हे त्यांना सुचत नाही.

त्या घरात मोकळेपणाने बोलणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे काकांची मुलगी मंजिरी. तेरा वर्षांची, मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. तिला भूमिती येत नव्हती आणि मला बेसबॉल. आमची देवाणघेवाण ठरली. गावच्या व्यावसायिक संघाच्या मॅचचं वर्णन ती रेडिओवर ऐकायची, मी तिची गणितं तपासायचो. "यशदादा, फर्गेट क्रिकेट, ओके? जस्ट फर्गेट इट," हे तिचं पहिलं वाक्य. मग तिने समजावलं. तीन बेस म्हणजे कोपऱ्यांवरचे थांबे, ते गाठून चौथ्या कोपऱ्यावर 'होम'ला पोचलं की एक धाव. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इनिंग, तीन आउट झाले की इनिंग संपली. धावा सारख्या राहिल्या तर ड्रॉ वगैरे काही नाही. दहावी, अकरावी, बारावी, एक कोणी जिंकेपर्यंत खेळत राहायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मैदानाच्या कडेला असलेल्या भिंतीला चेंडू लागला म्हणजे फोर झाला असं नाही. चेंडू आत आहे तोवर खेळ चालू, धावणारा धावत असतो. "द वॉल मीन्स नथिंग," ती बजावून म्हणाली. काकांना हा खेळ आवडत नसे. ते पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेले होते, पांढऱ्या कपड्यांतला त्यांचा फोटो दिवाणखान्यात होता. "दांडूने मारायचं आणि वेड्यासारखं पळायचं," ते म्हणत, "याला काय अक्कल लागते?"

पण त्या उन्हाळ्यात कारखान्याने बेसबॉलच्या मैदानावर फॅमिली डे ठरवला. डाव्या बाजूच्या कडेच्या पुढच्या रांगा सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी घेतल्या, आणि काकांची बढती तेव्हा त्यांच्या साहेबांच्या टेबलावर होती, म्हणून बेसबॉल एका रात्रीत चांगला खेळ झाला. एक जागा जास्त होती. "यशवंत पण येईल," काकू म्हणाल्या. काकांनी वर पाहिलं. "खाण्यापिण्याचा, बर्फाचा कूलर कोण उचलणार मग?" त्या मोठ्याने म्हणाल्या. मी कूलर घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "कूलर काय, मंजिरीसुद्धा उचलते. तू चल. माणसांत चल जरा."

दारावर एक बाई सगळ्यांना कंपनीच्या निळ्या टोप्या घालत होती. माझ्या डोक्यावर घातली तेव्हा काका तिला म्हणाले, "ही इज नॉट फॅमिली." ती म्हणाली, "ही इज टुडे, हनी," आणि पुढच्याच्या डोक्यावर टोपी घातली. आम्ही अगदी पहिल्या रांगेत बसलो. समोर कमरेएवढी भिंत, पलीकडे लगेच मैदान. काकांचे साहेब आणि त्यांची बायको बरोबर मागच्या रांगेत. ऊन असं की बाकाची लोखंडी कड हाताला चटका देत होती. भाजलेल्या शेंगदाण्यांचा, मोहरीच्या सॉसचा आणि सांडलेल्या बिअरचा वास. काकूंनी कूलरमधला डबा मांडीवर घेऊन पोळीभाजीची गुंडाळी काढली तर काका दबक्या आवाजात म्हणाले, "आत ठेव. इथे नको." आणि साहेबांकडे वळून हसले, आणि साहेबांनी पुढे केलेलं हॉट डॉग घेऊन त्याचा मोठा घास घेतला.

"डॅड," मंजिरी म्हणाली, "दॅट्स बीफ."

"चिकन आहे."

"इट सेज ऑन द रॅपर."

"मंजिरी, मॅच बघ."

ज्या घरात माझ्यामुळे ताटाला विटाळ होत होता त्या घराचा कर्ता माणूस गाईचा घास चावत होता, आणि मी समोर बघत राहिलो. हसू आलं नाही. राग आला, आणि रागाचीही भीती वाटली.

प्रेक्षक सुरुवातीपासून चिडलेलेच होते. मी खेळ म्हणजे टाळ्या अशा समजुतीत वाढलेला. इथे आजीच्या वयाच्या बायका अंपायरच्या दृष्टीचा, आईचा आणि जन्माचा उद्धार करत होत्या. एक म्हातारा पाहुण्या संघाच्या खेळाडूला नाव घेऊन, अगदी शांतपणे, इनिंगमागून इनिंग घाण घाण शिव्या देत होता. नऊ इनिंग संपल्या तेव्हा दोन्हीकडे सारख्या धावा. दहावीत कोणाचं काही झालं नाही. लोक उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. बिअर संपत नव्हती आणि सावली येत नव्हती. काका घड्याळ बघत म्हणाले, "क्रिकेटमध्ये असला पोरकटपणा नसतो. ड्रॉ म्हणजे ड्रॉ, सभ्यपणे घरी जायचं."

अकराव्या इनिंगमध्ये आपल्या संघाची पाळी. दोन आउट झालेले. पहिल्या बेसवर आपला एक खेळाडू उभा होता, एका धावेने मॅच संपणार होती. मंजिरीने माझ्या मनगटाला नखं रुतवली होती. फलंदाजाने चेंडू डाव्या रेषेला अगदी चिकटून आतून मारला. तो आमच्याकडे सरपटत आला. पाहुण्यांचा क्षेत्ररक्षक फार लांब होता. पहिल्या बेसवरचा माणूस कधीच पळत सुटला होता, दुसरा बेस गेला, तिसऱ्याकडे वळला. सगळं मैदान एका आवाजात ओरडत होतं. आणि चेंडू आमच्यासमोरच्या भिंतीला टपकन लागला.

काका उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या वर्षात पहिल्यांदाच निखळ आनंद पाहिला. "बाउंड्री!" ते म्हणाले. "गेला फोर!"

"काका, नका! चालू आहे चेंडू!" मी ओरडलो.

"डॅड, डोन्ट टच इट!"

"मला शिकवू नका," ते म्हणाले. भिंतीवरून वाकले, एका हाताने चेंडू सफाईने उचलला, आणि आपल्या क्लबात सीमेवरून चेंडू परत करावा तसा धावत येणाऱ्या क्षेत्ररक्षकाकडे हळुवार फेकला. क्षेत्ररक्षकाने तो झेलला आणि तोंड उघडं ठेवून काकांकडे पाहत राहिला.

अंपायरने दोन्ही हात वर केले. खेळ थांबला. धावून होमला पोचलेला आमचा खेळाडू मित्रांच्या गळ्यात पडला होता, त्याला सोडवून पुन्हा तिसऱ्या बेसवर नेऊन उभं केलं. जिंकलेली मॅच परत बरोबरीत आली. क्षणभर त्या हजारो माणसांना काय झालं ते कळलंच नाही, आणि मग कळलं. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही. तो आवाज वरून आमच्यावर कोसळला. पाठोपाठ बर्फ, कप, शेंगांची टरफलं. कोणीतरी माझ्या पाठीवर मोहरीचा सॉस फेकला. "बाहेर काढा त्याला!" "परत जा!" कुठे परत जा, हे प्रत्येकजण आपापल्या माहितीप्रमाणे सांगत होता, त्यात तीन-चार देशांची नावं आली, आमचा देश आला नाही.

काका खाली बसले होते आणि मान खाली घालून टोपी सारखी करत होते. पायऱ्यांवरून एक पोलीस आणि जागा दाखवणारा एक माणूस खाली आले. मागच्या रांगांतले लोक आमच्याकडे बोटं दाखवत होते, पण बोटं कधी काकांवर जायची, कधी माझ्यावर. दोघंही सावळे, दोघांच्याही डोक्यावर निळ्या टोप्या. काकांनी वर्षभर स्वतःच्या घरात आम्हा दोघांतला फरक सांभाळला होता, रोज दोन वेळा ताटातून दाखवला होता. या हजारो लोकांना तो दिसतच नव्हता. आणि आता ते न दिसणंच त्यांच्या उपयोगी पडलं.

"कोणी हात लावला चेंडूला?" पोलिसाने विचारलं.

काकांनी मागे साहेबांकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मूर्ती पाहिल्यापासून त्यांनी मला स्पर्श केला नव्हता. "या मुलाने," ते त्यांच्या उत्तम इंग्रजीत म्हणाले. "नवीन आहे. त्याला खेळ माहीत नाही. त्याच्या वतीने मी माफी मागतो."

पोलिसाने खिशातून वही काढली. "नाव?"

मी त्या वहीकडे पाहिलं. पोलिसातली ती एक ओळ. मंजिरी उभी राहिली, "डॅड! दॅट्स नॉट...", आणि काका म्हणाले, "बस खाली. एक शब्द नाही." ती बसली.

मग काकू उठल्या. साडीवर पांढरा स्वेटर, मांडीवरचा पोळीचा डबा त्यांनी बाकावर नीट झाकण लावून ठेवला. "नो," त्या म्हणाल्या. "नॉट ही. माय हजबंड. माय हजबंड टेक द बॉल. धिस बॉय से, डोन्ट."

पोलिसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"सुमती," काका मराठीत, हसरा चेहरा ठेवून म्हणाले, "खाली बस. तुला कळत नाही तू काय बोलतेयस."

"बसते," काकू म्हणाल्या. "आधी त्याला नाव नीट लिहून घेऊ दे." आणि त्यांनी पोलिसाला आपल्या नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि मग आडनाव, एकेक अक्षर, सावकाश, शाळेत श्रुतलेखन घालतात तसं. तो लिहीत होता. कोणी त्यांचं इंग्रजी दुरुस्त केलं नाही.

मी मागे पाहिलं. चेंडू उचलला तेव्हा काकांचे साहेब खो खो हसले होते. त्यांना ती गंमत वाटली होती. आता ते हसत नव्हते. त्यांनी बायकोकडे तोंड फिरवलं. बढती तिथे गेली असेल तर ती चेंडूमुळे गेली नाही, हे काकांना कधीच समजलं नाही.

पोलिसाने वही मिटली. "आजच्या दिवस बाहेर," तो काकांना म्हणाला. "बस, एवढंच." एवढंच! ज्या एका ओळीच्या धाकाने मी वर्षभर हिरव्या दिव्यालाही थांबलो होतो, ती काकांच्या नावावर लिहिली गेली आणि तिचा अर्थ होता आजच्या दिवस बाहेर. गाडीची किल्ली काकांकडे, म्हणून आम्ही सगळेच निघालो. पायऱ्या चढताना लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते आणि कप पडत होते. काकू मंजिरीला आणि मला आतल्या बाजूला घेऊन कडेने चालल्या. त्यांच्या स्वेटरवर बिअरचा मोठा डाग पडला. गाडीपाशी पोचलो तेव्हा आतून हजारो गळ्यांचा निराश सुस्कारा ऐकू आला. म्हणजे तिसरा माणूस आउट झाला होता आणि मॅच बाराव्या इनिंगमध्ये चालली होती. मंजिरीने रेडिओला हात लावला. काकांनी तिचा हात बाजूला केला. दारात उतरताना काका समोर बघत म्हणाले, "तळघर उद्या रिकामं पाहिजे." काकू म्हणाल्या, "उद्या कशाला? उजेड आहे तोवर आवरू. चल यशवंता." मशीन सुरू न करताच त्या तळघरात माझ्याशी बोलत माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

मी सुटलो, त्या नाहीत सुटल्या. काकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. "मंजिरी, आईला सांग मीठ कमी आहे," असं, एकाच टेबलावर बसून. हे महिने नाही, वर्षं चाललं. गावात तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या प्रत्येक घरी काकांनी सांगितलं की उन्हाने सुमतीचं डोकं फिरलं आणि तिने परक्या पोरासाठी नवऱ्याला पोलिसात दिलं. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. काकूंनी कोणाकडे जाऊन खुलासा केला नाही. पुढे त्यांनी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली. काका वारले तेव्हा मी गेलो नाही. लोकांनी कारण विचारलं, तर कामाचं निमित्त सांगितलं नाही. जायचं नव्हतं म्हणून सांगितलं. वय झालं की माणूस मवाळ होतो म्हणतात. मी या एका बाबतीत झालेलो नाही आणि व्हायची इच्छाही नाही.

काकू गेल्या हिवाळ्यात अल्फारेटाला मंजिरीच्या घरी वारल्या. त्यांच्या वस्तू आवरताना मंजिरीला मी त्यांना लिहिलेलं पत्र मिळालं, ते तिने मला पाठवलं. ते मी नव्या जागेत गेल्यावर थोड्याच दिवसांत लिहिलं होतं आणि मंजिरीच्या हाती दिलं होतं, कारण घरचं टपाल काका उघडायचे. उत्तर आलं नव्हतं. अक्षर माझंच आहे, पण आज वाचताना लिहिणाऱ्या मुलाची मला काळजी वाटते. एक शब्दही न बदलता देतो.

सौ. सुमतीकाकू यांस,

सप्रेम जय भीम. तुमच्या घरात मी नमस्कार म्हणायचो. पत्रात हेच लिहितो, तुम्ही समजून घ्याल.

युनिव्हर्सिटीजवळ दोन बंगाली मुलांबरोबर खोली मिळाली. ते दिवसभर एकमेकांशी भांडतात, माझ्याशी नाही. जेवणाचं जमतं आहे. काळजी नसावी.

मॅचचं काय झालं ते तुम्हाला कळलं नसेल. मंजिरी म्हणाली, घरी तो विषय निघत नाही. तेराव्या इनिंगमध्ये आपला संघ जिंकला. म्हणजे त्या चेंडूने शेवटी कोणाचंच नुकसान झालं नाही. काका "हो, मीच उचलला" म्हणाले असते, तर लोक थोडा वेळ ओरडले असते, आणि आपण घरी येऊन जेवलो असतो. एवढ्यासाठी त्यांनी तसं केलं, हे मला अजून पटत नाही. आणि एवढ्यासाठी तुम्हाला जे सोसावं लागतंय, त्याबद्दल मी काय लिहू? माफी मागावी तर ती माझी नाही. आभार मानावे तर फार हलके वाटतात.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. पोलिसाने मला नाव विचारलं तेव्हा मी गप्प होतो, पण मी नाही म्हणणार नव्हतो. मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंच होतं. मला वाटलं, काकांचं घर आहे, त्यांचा मान आहे, आपण कोण? हे मला कोणी त्या दिवशी शिकवलं नव्हतं. ते आधीपासूनच आत होतं. तुम्ही उठला नसतात तर मी हो म्हटलं असतं, आणि एकदा म्हटल्यावर जन्मभर म्हणत राहिलो असतो.

काल लॅबमध्ये एक काचेचं उपकरण फुटलं. ज्याच्या हातून फुटलं त्याने प्रोफेसरांसमोर माझं नाव घेतलं. मी म्हणालो, नाही, मी नाही. माझं इंग्रजी चुकलं. पण मी नाही म्हणालो. प्रोफेसरांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हणालो.

हे तुम्हाला कळवायचं होतं.

तुमचा,
यशवंत